सरपंचाचं फेसबुक पेज कोणी चालवायचं? आणि बदनामीच्या व्हिडिओला उत्तर द्यायचं की गप्प बसायचं?

माणदेशी_सरपंच

नमस्कार. मी माण तालुक्यातल्या एका गावची सरपंच. लोकसंख्या चोवीसशेच्या आसपास. महिला राखीव जागेवर थेट जनतेतून निवडून आले, पण नऊ सदस्यांत सहा समोरच्या पॅनेलचे, त्यामुळं उपसरपंच त्यांचा. ज्यांनी असा कारभार बघितलाय त्यांना मासिक सभेत काय चालतं ते सांगायला नको. मी विषय मांडायचा आणि तो "पुढील सभेत घ्यावा" म्हणून लिहून घ्यायचा.

ते मी बघून घेईन. मला विचारायचंय ते नावाबद्दल.

जलजीवनच्या नव्या लाईनीचं खोदकाम चालू होतं. ठेकेदाराच्या जेसीबीनं मारुतीच्या देवळामागं जुनी पाइपलाइन फोडली आणि दुसऱ्या दिवशी वरच्या आळीत गढूळ पाणी आलं. संध्याकाळपर्यंत जोड बसवला, टाकी उपसून धुतली, टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं. तिसऱ्या दिवशी पाणी स्वच्छ होतं. व्हिडिओ फिरायला लागला तो त्या तिसऱ्या दिवशी. स्टीलच्या हंड्यात तांबडं पाणी पडतंय आणि खाली ओळ: "सरपंचबाईंकडून चहा आलाय, या प्यायला." खरं सांगते, मला हसू आलं. मग खालच्या कॉमेंट वाचल्या. निम्म्या पाण्याबद्दल, निम्म्या माझ्या साडीबद्दल. एकानं लिहिलं, "राखीव जागेनं गावाचं वाटोळं केलं."

आता पेजचं ऐका. ते माझे धाकटे दीर चालवतात. नाव त्यांनीच ठेवलं, माझ्या नावापुढं "युवा नेतृत्व, जनसामान्यांचा बुलंद आवाज". बुलंद हा शब्द मी जन्मात तोंडातून काढलेला नाही. तालुक्यातल्या कुठल्याही नेत्याचा वाढदिवस असू दे, आमच्या पेजवर बॅनर आणि त्यात माझा हात जोडलेला फोटो. फोटो एकच, नणंदेच्या लग्नातला, मागची मांडवाची झालर कापून घेतलेला. तर त्या रात्री मला न विचारता पेजवर पोस्ट पडली: "विकास न बघवणाऱ्यांचं हे षड्यंत्र आहे. योग्य वेळी हिशोब केला जाईल."

दुसऱ्या दिवशी गिरणीत दळण ठेवायला गेले. वरच्या आळीतल्या एक वहिनी डबा खाली ठेवत म्हणाल्या, "काय सरपंच, आमी षड्यंत्रवाल्या व्हय?" त्यांच्या नळाला खरंच गढूळ पाणी आलं होतं. मतदान त्यांनी मला केलंय हे मला पक्कं माहीत आहे.

त्यानंतर दोन माणसं आली. एकाकडं माईक, त्याचं न्यूज पोर्टल आहे. बाईट घेतला आणि जाता जाता म्हणाला, दिवाळी शुभेच्छांची जाहिरात पाच हजार, "म्हणजे संबंध राहतात". दुसरा जिल्ह्याच्या गावाहून आलेला, "पर्सनल ब्रँडिंग"वाला. महिना पंधरा हजार, त्यात बारा पोस्टर, आठ रील आणि "निगेटिव्ह हँडलिंग". माझं मानधन २०२४ मध्ये वाढून आठ हजार झालंय.

मालक म्हणतात दुर्लक्ष कर, चार दिवसांत विसरतात. दीर म्हणतात पैसे मी देतो, इमेज महत्त्वाची. व्हिडिओला उत्तर द्यावं का? पेज बंद करून टाकू का? गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडले तर बरं होईल का? तिथं रोज डोकं उठतं.

पेजवाला_पुणे

ताई, मी असल्याच एका एजन्सीत काम केलंय. निगेटिव्ह हँडलिंग म्हणजे काय ते सांगतो. चार-पाच पोरं, प्रत्येकाकडं मूठभर खोटी खाती. तुमच्या पोस्टखाली "ताई ग्रेट", "आमच्या ताई आमचा अभिमान", आणि समोरच्याच्या पोस्टखाली राडा. महापालिकेच्या वॉर्डात हे खपून जातं, तिथं कोण कोणाला ओळखतं? चोवीसशेच्या गावात डीपीला सिंहाचा फोटो लावलेला "रॉयल किंग" नेमका कुठल्या आळीतला, असं पहिल्याच तासाला कोणीतरी विचारणार.

बूस्ट हा दुसरा प्रकार. पैसे भरले की पोस्ट आजूबाजूच्या पट्ट्यात फिरते. दहा हजार व्ह्यूज दिसतात, त्यातले तुमचे मतदार किती, ते एजन्सी कधी सांगणार नाही. राजकीय जाहिरात म्हणून चालवली तर पैसे कोणी भरले ते नाव खाली दाखवावं लागतं आणि मेटाच्या जाहिरात संग्रहात खर्चाचा अंदाज कोणालाही बघता येतो. आठ हजार मानधन घेणारी सरपंच महिन्याला पंधरा हजार कुठून आणते, हा प्रश्न उपसरपंचाच्या हातात आयता द्यायचा असेल तर खुशाल पॅकेज घ्या. निळी टिक लावून देतो म्हणाला असेल तर तीही २०२३ पासून मासिक वर्गणी भरून कोणालाही मिळते.

पेज बंद करू नका. आधी बघा, पेजचा पूर्ण ताबा कोणाच्या खात्यावर आहे? बहुतेक दिरांच्या असणार. तो तुमच्या खात्यावर घ्या आणि त्यांना फक्त पोस्ट टाकण्यापुरता हक्क ठेवा. घरातली गोष्ट आहे म्हणून लांबणीवर टाकू नका. भांडण झाल्यावर पेज परत मिळवणं फार जड जातं, असली प्रकरणं मी निस्तरलीत. आणि नावातलं ते "बुलंद" आजच काढा. 😄

षड्यंत्राची पोस्ट मात्र गुपचूप उडवू नका. स्क्रीनशॉट कधीच निघालेत. खाली तुमच्या शब्दांत दोन ओळी लिहा, ती राहू दे.

निवृत्त_ग्रामसेवक

मा. सरपंच ताई, नमस्कार. नोकरीत मी बरेच सरपंच बघितले, त्यावरून लिहितो. (आता आमच्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण लोक ग्रामसेवक किंवा भाऊसाहेबच म्हणणार.)

व्हिडिओला उत्तर द्यावं की नाही, हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. गढूळ पाण्याची माहिती लोकांना ग्रामपंचायतीकडून कधी मिळाली? मिळालीच नाही असं दिसतं. पाइप फुटला त्याच संध्याकाळी ग्रुपवर चार ओळी गेल्या असत्या तर तिसऱ्या दिवशीच्या व्हिडिओत दम राहिला नसता. अजूनही वेळ गेलेली नाही. असं काहीतरी लिहा:

"खोदकामात मारुती मंदिरामागची जुनी पाइपलाइन फुटली. त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी वरच्या आळीत गढूळ पाणी आले, ही तक्रार खरी आहे. त्याच संध्याकाळी जोड बसवला, टाकी धुतली, टीसीएल टाकले. शेवटच्या नळाच्या पाण्याची ओटी चाचणी (क्लोरीनची तपासणी) घेतली, फोटो सोबत आहे. दुरुस्तीचा खर्च ठेकेदाराकडून घेण्याचे पत्र दिले आहे. अजून कोणाकडे गढूळ पाणी येत असल्यास पाणीपुरवठा कर्मचाऱ्यास किंवा मला फोन करावा."

यात षड्यंत्र नाही, विरोधक नाहीत, "माझ्या प्रयत्नाने" नाही. "तक्रार खरी आहे" हे तीन शब्द गाळू नका, गिरणीतल्या वहिनींना तेच ऐकायचे आहेत. मात्र ठेकेदाराला पत्र खरोखर द्या, जावक क्रमांक टाकून. ओटी चाचणीही खरोखर शेवटच्या नळावर घ्या. टाकीखालच्या नळावर घेतली तर क्लोरीन दिसणारच, त्याला काही अर्थ नाही.

पैशाबाबत एकच सांगतो. ग्रामनिधीतून शुभेच्छांचा बॅनर, जाहिरात, पोर्टलची पावती असं काहीही घालू नका. "प्रसिद्धी खर्च" म्हणून खर्ची टाकू असं सांगणारे भेटतील. लेखापरीक्षणात आक्षेप निघाला की वसुली सही करणाऱ्याच्या नावावर लागते. वित्त आयोगाच्या निधीचा खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही घरबसल्या दिसतो, तुमच्या उपसरपंचालाही.

ग्रुप सोडू नका. सरपंच बाहेर पडली हीच त्या दिवशीची बातमी होईल. ग्रुपचे ॲडमिन तुम्ही असाल आणि दुसऱ्याच्या मेसेजमुळे आपण अडकू अशी भीती असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले आहे की केवळ ॲडमिन आहे म्हणून सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. त्यात ॲडमिनचा स्वतःचा हात असेल तर गोष्ट वेगळी. ग्रामपंचायतीच्या सूचनांसाठी फक्त ॲडमिनच लिहू शकतील असा दुसरा ग्रुप काढा आणि गप्पांचा ग्रुप आहे तसा चालू द्या. तिथे रोज उत्तर द्यायला कोणी बांधील नाही.

आक्का_शिराळा

वयानं बरीच मोठी आहे म्हणून एकेरीत लिहिते गं, राग मानू नको. आर. आर. आबांनी गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान काढलं तेव्हा, २०००-०१ च्या सुमाराला, मी सरपंच होते. मोबाइल नव्हता म्हणून बदनामी नव्हती असं समजू नको. रात्रीत भिंतीवर डांबरानं लिहायचे. सकाळी उठून पुसायला जावं तर बघ्यांची गर्दी.

वरच्या दोघांनी कामाचं लिहिलंय. मी त्यांनी न लिहिलेलं लिहिते. तुझे दीर वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण त्या पेजवरचे वाढदिवसाचे बॅनर तुझ्यासाठी आहेत का? तालुक्याच्या नेत्याला कोण दिसायला हवंय? मला तर वाटतं पंचायत समितीच्या गणाचं तिकीट कोणाला तरी पाहिजे आहे आणि तुझं नाव त्यासाठी वापरलं जातंय. तसं नसेल तर देव करो. असेल तर त्यांना त्यांचं वेगळं पेज काढू दे, त्यात काय वावगं आहे? पण सरपंचाच्या तोंडून "हिशोब केला जाईल" अशी धमकी दिरानं द्यायची आणि गिरणीत ऐकून घ्यायचं बाईनं, हे चालायचं नाही. आमच्या वेळी सभेला नवरे येऊन बसायचे, खुर्ची बाईची आणि आवाज त्यांचा. बाई आता सभेला स्वतः जाते, तर तिचं पेज घरातला पुरुष चालवतो.

तू स्वतः बोल. तुला लिहायचा कंटाळा असेल तर मोबाइल समोर धर आणि एक मिनिट बोल, टाकीजवळ उभी राहून, गिरणीत बोलतेस तसं. मागं गाणं लावू नको. हळू चालत येणारी, गॉगलवाली रील तर अजिबात नको.

साडीवरच्या कॉमेंटला उत्तर नको. अश्लील काही असेल तर स्क्रीनशॉट आणि लिंक जपून ठेव, पोलिसांत तक्रार दे, त्यात लाजायचं कारण नाही. पण "चहा"वाल्यावर तक्रार करायची असं कोणी सुचवलं तर ऐकू नकोस. त्यानं गढूळ पाण्याला चहा म्हटलंय, एवढं सरपंचाला पचलं पाहिजे.

तालुका_वार्ताहर

आक्कांच्या शेवटच्या मुद्द्याला पूर्ण दुजोरा. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवरच्या एका पोस्ट-लाइकपायी अटक झाली होती. पुढं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६ अ खाली असली प्रकरणं व्हायची ते सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये रद्दच केलं. मानहानीचा कायदा आहे, आता भारतीय न्याय संहितेत आहे, पण तो हंड्यातल्या पाण्यासाठी वापरला तर बातमी तालुक्यात राहणार नाही, मुंबईपर्यंत जाईल आणि ताईंच्या विरोधात जाईल.

एक गोष्ट मात्र मला या चर्चेत पटत नाही. "काम करा, प्रसिद्धीच्या मागं लागू नका" असा सूर सगळ्यांचाच दिसतोय. हिवरे बाजारला पोपटराव पवार सरपंच झाले ते फेसबुक निघायच्या कितीतरी आधी, हे खरं. पण तिथं लोक बघायला का यायचे? पावसाचं माप, विहिरींची पातळी, त्यावरून कुठलं पीक घ्यायचं हा पाण्याचा ताळेबंद ते ग्रामसभेपुढं मांडायचे आणि बाहेरून येणाऱ्यालाही दाखवायचे. दाखवणं हाही कामाचाच भाग होता. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. तो बातमीत आला नसता, तर त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांना हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगणारं परिपत्रक काढलं असतं का? मला शंका आहे.

आणि तुमचा आहे तसा उपसरपंच असेल तर गप्प बसणं परवडतच नाही. तुम्ही मंजूर करून आणलेल्या गटाराचा नारळ तो फोडणार, फोटो त्याच्या पेजवर जाणार. मंजुरीचं पत्र आलं त्या दिवशी पत्राचा फोटो टाका. काम सुरू झाल्यावर अंदाजपत्रकातली रक्कम, लांबी आणि ठेकेदाराचं नाव लिहिलेला फलक लावा, त्याचा फोटो टाका. पूर्ण झाल्यावर टेप लावून मोजताना टाका. गावात लोक कॅप्शन वाचत नाहीत, आकडे वाचतात आणि मग स्वतः पावलं टाकून मोजायला जातात. गेलेले बघितलेत मी.

पोर्टलवाल्याबद्दल. आमच्या धंद्यातली ही घाण आहे, बोलायला लाज वाटते. पाच हजार दिले की पुढच्या दिवाळीला दहा, आणि अशी पोर्टलं एकट्या तालुक्यात मोजायला बोटं पुरत नाहीत. एकाला दिलं की बाकीच्यांना वास लागतो. नाही म्हणताना भांडू नका. "ग्रामपंचायतीला तशी तरतूद नाही आणि माझी ऐपत नाही" एवढंच व्हॉट्सॲपवर लेखी पाठवा, म्हणजे पुरावा राहतो. बाईट देताना आपल्याही माणसाला मोबाइलवर पूर्ण रेकॉर्ड करायला सांगा आणि ते त्यांना दिसू द्या. कापून जोडायची खुमखुमी निम्मी कमी होते. प्रश्न मात्र टाळू नका. माईक बघून पळणाऱ्या सरपंचाचा पाठमोरा व्हिडिओ त्या हंड्याच्या व्हिडिओपेक्षा जास्त चालतो.

माणदेशी_सरपंच

सगळ्यांचे आभार. आक्का, तुमचं गणाच्या तिकिटाचं वाक्य मी मालकांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, पण उठून गेले. त्यावरून काय ते समजले.

भाऊसाहेबांनी दिलेला मजकूर मी माझ्या भाषेत केला आणि टाकीजवळ उभी राहून बोलले. ओटीच्या नळीत पाणी पिवळं झालेलं, म्हणजे क्लोरीन असलेलं, दाखवलं. शेवटचा नळ नेमका उपसरपंचांच्या चुलत्यांच्या दारात निघाला! त्यांनीच नळी उन्हात धरून बघितली, तेही व्हिडिओत आलंय. व्ह्यूज चहाच्या व्हिडिओच्या निम्मेसुद्धा नाहीत. ते असू दे. वरच्या आळीतून सात-आठ फोन आले, त्यातल्या दोन ठिकाणी खरंच अजून माती येत होती, तोटी काढून लाईन वाहती केली.

दिरांशी बोलले. सोपं गेलं नाही. "मी रात्री जागून बॅनर करतो आणि तुम्हाला किंमत नाही" म्हणाले, आणि त्यात तथ्य आहे, मेहनत केलीच आहे त्यांनी. पेज माझ्या खात्यावर घेतलं, नाव साधं केलं, "सरपंच" आणि पुढं गावाचं नाव. आता ते घराच्या ग्रुपवर मला फक्त अंगठा पाठवतात. वाढदिवसाचे बॅनर बंद केल्यामुळं तालुक्यातून एक फोन आला, "ताई नाराज आहेत का?" म्हणून. त्याचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

एक शेवटचं विचारते. येत्या ग्रामसभेला पेजवरून लाइव्ह करावं का? पुण्या-मुंबईला गेलेली पोरं मागं लागलीत. उपसरपंचांचा गट म्हणतो परवानगी नाही.

निवृत्त_ग्रामसेवक

ग्रामसभा ही उघडी सभा आहे, चित्रीकरणाला हरकत घेण्यासारखे काही नाही. केंद्राच्या निर्णय ॲपवर ग्रामसभेची चित्रफीत चढवायची असतेच. फक्त अध्यक्ष म्हणून सुरुवातीलाच सांगा की चित्रीकरण चालू आहे, आणि तसे इतिवृत्तात नोंदवा. लाइव्ह तुमच्या नावाच्या पेजवरून नको, ग्रामपंचायतीच्या खात्यावरून करा. पुढच्या सरपंचालाही ते वापरता आले पाहिजे. लाभार्थ्यांची यादी वाचताना आधार किंवा बँक खात्याचा कागद कॅमेऱ्यासमोर धरू नका. गणपूर्तीची मोजणी आधी करा, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जे कमी असेल ते, आणि मगच कॅमेरा सुरू करा. नाहीतर "रिकाम्या खुर्च्यांची ग्रामसभा" म्हणून नवा व्हिडिओ तयार.

आक्का_शिराळा

कॅमेरा फक्त तुझ्यावर ठेवू नको, लोकांच्या बाजूनं ठेव. प्रश्न विचारणारा दिसू दे. कॅमेऱ्यापुढं ओरडायला चार जण मुद्दाम येतील, त्यांना ओरडू दे, पाणी दे प्यायला. आणि तालुक्याहून फोन आला त्यांना साहेबांच्या वाढदिवशी स्वतः फोन करून शुभेच्छा दे. बॅनरचं विसरतील ते.

पेजवाला_पुणे

मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकून वेगळ्या हॉटस्पॉटवर चालवा. नाहीतर ऐन गोंधळात मावशीचा फोन यायचा आणि लाइव्ह बंद पडायचं, मग "मुद्दाम बंद केलं" म्हणून आठवडाभर ऐकत बसा.